झाकणाच्या आतल्या खुणा

अक्काच्या बोलणीच्या बैठकीत अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कुणी विचारलं नसताना एक गोष्ट जाहीर केली, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

अक्का माझी मोठी बहीण. मुलाकडची मंडळी लातूरची, भुसार मालाचं दुकान असलेली. देण्याघेण्याचं त्यांनी काही काढलं नव्हतं. पण चहा झाल्यावर अप्पांनी आपलं डावं मनगट पुढं केलं आणि म्हणाले, "हे परदेशी घड्याळ माझ्या सासऱ्यानं मला लग्नात दिलं. सत्तावीस वर्षं झाली. आता हे मी माझ्या जावयाच्या हाताला बांधणार."

मुलाच्या काकांना जुन्या घड्याळांचा शौक निघाला. "बघू हो, पाहुणे," म्हणत त्यांनी घड्याळ हातात घेतलं, कानाला लावलं, मग उलटं केलं. मागच्या झाकणावर अप्पांचं पूर्ण नाव आणि खाली 'सप्रेम भेट' असं कोरलेलं आहे. स्टीलच्या भांड्यांवर दुकानदार मशीनने टिकटिक करत नाव टाकून देतात ना, अगदी तसल्याच ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरात.

"अरे वा, तांब्यावर टाकावं तसं नाव टाकलंय की," काका म्हणाले. सगळे हसले. अप्पाही हसले.

"हरवायचं भ्या न्हाई मग," नवऱ्या मुलाचे वडील म्हणाले. परत सगळे हसले.

मग काका जरा गंभीर होऊन म्हणाले, "चेष्टा सोडा. घड्याळ खरं असलं तर पेटीत जपून ठेवायची वस्तू आहे. एकदा जाणकाराकडून तपासून घ्या. न्हाईतर आमच्या घरात आलं की पहिलं मीच उघडून बघणार. सवय आहे माझी."

ते सहज बोलले असतील. पण अप्पांचा चेहरा मी बघत होते. पाहुण्यांची जीप गेल्यावर त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "तू नांदेडला शिकायला हायस. तिथं कुणी चांगला माणूस बघ. उघडून दाखव अन् कागदावर लिहून आण. खरं हाय म्हणून."

आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिली. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यामुळे फॉर्म असो, बँकेचा मेसेज असो, दवाखान्याचा रिपोर्ट असो, सगळं माझ्याकडं येतं. घड्याळही तसंच आलं. मला घड्याळातलं काय कळतं, हे कुणी विचारलं नाही. मलाही विचारावंसं वाटलं नाही.

एकटी आई नको म्हणत होती. भाकरी थापता थापता माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझ्या बापानं दिलेल्या वस्तूची परीक्षा कशाला? उघडू नका ते." मला वाटलं, माहेरच्या मानाचा प्रश्न आहे. ते खरंही होतं, पण तेवढंच नव्हतं.

इथं आधी अप्पांचं आणि त्या घड्याळाचं सांगायला हवं. आमचं गाव देवणी तालुक्यातलं. गावात अप्पांची पिठाची गिरणी आहे. सकाळी आंघोळ, मग लिंगपूजा, आणि पूजा झाली की घड्याळाला चावी, असा त्यांचा क्रम. चावीचे वीस फेरे ते तोंडातल्या तोंडात मोजतात. गावात सगळ्यांकडं मोबाइल आले तरी अप्पा वेळ मनगटावरच बघायचे. मात्र गिरणीवर जाताना घड्याळ काढून घरात खिळ्याला अडकवून जायचे. कारण आज्जांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, त्यांना सांगून ठेवलं होतं, "जावईबापू, मोटारीजवळ लोहचुंबक असतं. आतली केसासारखी स्प्रिंग त्यानं खराब होते. घड्याळ पुढं पळायला लागतं."

आज्जा स्वतः घड्याळवाले होते. उदगीरला बसस्टँडच्या बाहेर त्यांची काचेची पेटी होती, एक माणूस आत बसेल एवढी.

आणि अप्पांनी एवढी काळजी घेऊनही घड्याळ बिघडायचंच. मध्येच कधीतरी पाच मिनिटं, दहा मिनिटं पुढं पळायला लागायचं. जावयाच्या मानाची वस्तू, दुसऱ्या कुणाच्या हातात कशी द्यायची? मग आई ते रुमालात बांधून उदगीरला न्यायची. अप्पा तिला एसटीत बसवून द्यायला यायचे आणि दर वेळी आज्जांसाठी निरोप द्यायचे, "बापूंना सांग, माझ्याकडूनच हयगय झाली असंल. मोटारीजवळून गेलो असंन."

लहानपणी मीही आईबरोबर गेले आहे. आज्जा घड्याळाचं झाकण उघडायचे, डोळ्याला भिंग लावून आत बघायचे, एका काळ्या डब्याच्या भोकातून घड्याळ हळूच बाहेर ओढायचे. डबा घूं करायचा. मग झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने काहीतरी बारीक ओरखडायचे, झाकण बसवायचे आणि घड्याळ ड्रॉवरमध्ये ठेवून द्यायचे. "आता चार दिवस चालवून बघावं लागतं, त्याशिवाय न्यायचं न्हाई," असं म्हणायचे. ते चार दिवस आम्ही आजोळी राहायचो. आई तिथं फार झोपायची, हे मला आठवतं. दुपारीसुद्धा झोपायची. आमच्या घरी मी तिला दुपारी झोपलेलं कधी बघितलं नव्हतं. मी पाचवीत असताना आज्जा गेले. त्यानंतर घड्याळ कधी बिघडल्याचं मला आठवत नाही. हा विचार माझ्या मनात तेव्हा आला नाही. हे सगळं झाल्यावर आला.

नांदेडला होस्टेलच्या मेसमध्ये भाजी घेऊन येणाऱ्या काकांनी मला एका घडीसाजाचं दुकान सांगितलं. जुन्या शहरातल्या गल्लीत, शटरचं अर्धं दार बंद ठेवून ते चाचा बसतात. सत्तरीच्या पुढचे. मी काय काम आहे ते सांगितलं तर म्हणाले, "बस बेटा. विकायचंय?"

"नाही. खरं आहे का तेवढं बघायचंय. कागदावर लिहून पाहिजे."

"कागदाचा शौक कुणाला?"

मी खरं तेच सांगितलं. माझं बी.एस्सी., अप्पांना सत्तावीस वर्षांपूर्वी लग्नात मिळालेलं घड्याळ, बहिणीचं लग्न, लातूरचे काका, त्यांची उघडून बघायची सवय. चाचांनी मान हलवली आणि झाकण उघडलं. भिंगातून आत बघितलं. मग भिंग माझ्या हातात दिलं. "तू सायन्सवाली ना? तूच बघ. मी बोट दाखवतो."

आधी त्यांनी डायल दाखवलं. परदेशी कंपनीचं नाव होतं, पण भिंगातून बघितल्यावर अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या दिसत होत्या, आणि रंगाखालून जुन्या आकड्यांची सावली दिसत होती. "हे रंगवलंय. नाव नंतरचं." मग मशीन. "हे आपल्या इथलं, साधं. चांगलं आहे, टिकाऊ आहे, पण परदेशी नाही. काटे तिसऱ्याच घड्याळाचे. काच बदललेली."

"म्हणजे मधे कुणीतरी आतलं मशीन काढून घेतलं असेल का?" मला खरंच तसं वाटत होतं. कुणीतरी परका चोर असावा, असं वाटत होतं.

चाचांनी झाकण उताणं केलं. "तसं असतं तर बरं झालं असतं. हे नाव बघ, भांड्यावरचं. हसू नको. या नावानं घड्याळाची शान गेली असेल, पण माझं काम सोपं झालं. झाकण बदललेलं नाही, लग्नातलंच आहे. आता आत बघ."

झाकणाच्या आत सुईने ओढलेल्या बारीक खुणा होत्या. ओळीने, गोल गोल फिरत गेलेल्या. महिन्याचं पहिलं अक्षर आणि पुढं एक टिंब. 'आ' होता, 'श्रा' होता, 'का', 'पौ', परत 'आ'. "घडीसाज घड्याळ उघडतो तेव्हा अशी खूण करून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी कळतं. आणि ही बघ, मशीनच्या पट्टीच्या खाली, तोच हात. ज्यानं खुणा केल्या त्यानंच हे घड्याळ जुळवलंय. पहिल्या दिवसापासून."

"ते माझे आजोबा," मी म्हणाले.

चाचांनी भिंग परत घेतलं. "हात सफाईचा होता," ते म्हणाले. "चार घड्याळांतून एक केलंय आणि सत्तावीस वर्षं चालतंय. मी केलं नसतं इतकं चांगलं."

मग त्यांनी खुणा मोजल्या. मलाही मोजायला लावल्या. एकतीस निघाल्या. "एक गोष्ट मला कळेना," ते म्हणाले. "असलं मशीन तीन-चार वर्षांनी एकदा साफ करतात. हे वर्षातून दोन-दोन, तीन-तीनदा उघडलंय. आणि स्क्रू बघ. एकतीस वेळा मशीन खोललं असतं तर स्क्रूच्या खाचा झिजल्या असत्या. या कोऱ्या आहेत. दोन-तीनदाच खोललंय. बाकीच्या वेळी झाकण उघडलं, बघितलं, खूण केली, बंद केलं. कशासाठी?"

मला काळा डबा आठवला. घूं असा आवाज आठवला. मी त्यांना सांगितलं.

"तो चुंबक काढायचा डबा. अर्ध्या मिनिटाचं काम." चाचा माझ्याकडं बघून राहिले. "म्हणजे दर वेळी चुंबक लागायचा. कुठून लागायचा?"

मी गिरणीचं सांगितलं. आणि सांगता सांगताच थांबले, कारण अप्पा घड्याळ गिरणीवर नेतच नव्हते. ते घरी खिळ्याला असायचं. आईजवळ.

चाचांनी कागद लिहायला घेतला. मी म्हणाले, "चाचा, खुणांचं नाही लिहिलं तर चालेल का? बाकी सगळं लिहा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बेटा, मला जे दिसलं ते सगळं येईल, नाहीतर कागदच नाही. अर्धा कागद मी कुणाला देत नाही. तू सांग."

कागद नेलाच नाही, अप्पांना 'खरं आहे' म्हणून सांगितलं, असं करता आलं असतं. अप्पांनी विश्वास ठेवला असता. मी सांगते त्यावर ते ठेवतात. पण लग्नानंतर पंधरा दिवसांत लातूरचे काका ते झाकण उघडणार होते. ते मोठ्यानं हसले असते, आणि अक्का तिथं चहाचा ट्रे घेऊन उभी असती. आईला तिच्या सासरी कशाकशावरून ऐकावं लागलं ते ती आम्हाला कधी सांगत नाही, पण आजोळातल्या तिच्या त्या झोपेवरून मला कळतं. मी म्हणाले, "लिहा सगळं."

"नकली असं लिहिणार का?" मी विचारलं.

"तो शब्द मी लिहीत नाही. जुळवलेलं लिहितो." आणि खाली किमतीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, सुट्या भागांची किंमत, चालू स्थितीत. तोंडी म्हणाले, "पाचशे कुणी दिले तर नशीब."

शनिवारी मी गावी गेले. अप्पा गिरणीवर होते. मी आईला कागद दाखवला नाही, फक्त घड्याळ तिच्यापुढं ठेवलं.

"उघडलं?" तिनं विचारलं.

"हो."

"आतून बघितलं?"

"एकतीस आहेत."

आई गव्हात हात घालून बसली होती. निवडायची थांबली. "एवढ्या?" म्हणाली. "मला वाटलं वीस-बावीस असत्यात."

मग तिनं सांगितलं. एका दमात नाही, मधून मधून गहू निवडत. लग्नाच्या वेळी अप्पांच्या घरून परदेशी घड्याळाची अट होती. आज्जांकडं तेवढी ऐपत नव्हती, हात मात्र होता. त्यांनी रात्रंदिवस बसून ते घड्याळ जुळवलं. आईनं ते होताना बघितलं होतं. लग्न झाल्यावर तिला माहेरी पाठवायला कुणी तयार नसायचं. सणाला म्हटलं तर घरात काम, बाप आजारी म्हटलं तर "सगळ्यांचेच बाप आजारी पडत्यात". पण जावयाचं घड्याळ बिघडलं की घरात कुणी आडवं येत नसे. घड्याळवाल्याची पोरगी होती ती. कशानं बिघडतं ते तिला ठाऊक होतं.

"रेडिओच्या पाठीमागं ठेवायची रात्रभर," ती म्हणाली. "त्याच्या आत लोहचुंबक असतं. सकाळी खिळ्याला लावायची. दोन दिवसांत पळायला लागायचं."

"आज्जांना कळलं होतं?"

"पहिल्याच वेळी. झाकण उघडलं, माझ्याकडं बघितलं, काही बोलले न्हाई. म्हणले, चार दिवस लागतील. अन् ह्यांना मोटारीचं सांगून टाकलं." तिनं खडा काढून बाजूला टाकला. "अर्ध्या घटकेचं बी काम न्हाई ते, मला काय कळत न्हाई व्हय."

मी तिला कागदाबद्दल सांगितलं. कागदात काय काय आहे तेही सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल फाडून टाक. ती म्हणाली, "आक्कीला बोलणी बसायला नकोत." एवढंच. मग उठून तोंड धुऊन आली.

अप्पा दुपारी आले, अंगावर पीठ तसंच. "काय निघालं?" मी कागद दिला. अप्पांचं शिक्षण सातवीपर्यंत. ते ओळीखाली बोट ठेवून वाचतात, ओठ हलवत. पहिल्या ओळींना त्यांचं बोट थांबलं, मग पुढं गेलं. डायल रंगवलेलं. मशीन देशी. मी त्यांच्याकडं बघू शकत नव्हते. शेवटी खुणांच्या ओळीवर त्यांचं बोट फार वेळ थांबलं.

"एकतीस वेळा उघडलं, अन् खोललं दोन-तीनदाच. म्हणजे काय?" ते माझ्याकडं बघून म्हणाले.

उत्तर मला द्यायचं नव्हतं. आई दारात येऊन उभी राहिली होती.

अप्पा तिला म्हणाले, "खरंच किती वेळा बिघडलं होतं?"

"तीनदा," आई म्हणाली.

ओरडतील असं मला वाटलं होतं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. ते म्हणाले, "मी बापूंची माफी मागायचो. दर वेळी. स्टँडवर निरोप द्यायचो." मग थोड्या वेळानं, "गिरणीवर हातात घड्याळ न्हाई म्हणून लोक वेळ विचारायचे तर मी सूर्याकडं बघून सांगायचो. एवढा जपलो." आणि हात धुवायला गेले.

पुढच्या रविवारी ते मला बरोबर घेऊन लातूरला गेले. मुलाच्या घरी बैठकीत त्यांनी घड्याळ आणि कागद, दोन्ही काकांपुढं ठेवलं. काकांनी कागद वाचला, मग भिंग आणून झाकण उघडलं, म्हणजे सवय खरीच होती. बराच वेळ बघून म्हणाले, "पाहुणे, हे तर..."

"माझा सासरा घड्याळवाला होता," अप्पा त्यांना पुढं बोलू न देता म्हणाले. "त्यानं सोताच्या हातानं केलंय. परदेशी हाय असं मी म्हणलो ते चुकलं. मला ठाऊक नव्हतं. आता कागद हाय."

"अन् ह्या एवढ्या खुणा?"

"पोरगी माहेरी आली की बाप घड्याळ उघडून बघायचा," अप्पा म्हणाले. "जावयाचं हाय म्हणून."

काकांनी झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी घड्याळ परत दिलं. जावयाला देण्यासाठी नवं घड्याळ अप्पांनी लातूरच्या दुकानातून त्याच दिवशी घेतलं, बिलासकट, गॅरंटी कार्डासकट. कार्ड त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं.

येताना एसटीत मला फार बरं वाटत होतं. अप्पांनी आज्जांचं नाव राखलं, आईचंही राखलं, असं मी खिडकीतून बाहेर बघत मनात म्हणत होते. घरी गेल्यावर आता हे दोघं बोलतील, असं मी धरून चालले होते.

ते बोलले नाहीत. म्हणजे जेवायला वाढ, लाइट बिल भरलं का, पत्रिका किती छापायच्या, एवढं बोलतात. अक्काचं लग्न होऊन आता चार महिने झाले. मी सुट्टीला येते तेव्हा बघते. अप्पा गिरणीवरून येतात, जेवतात, आणि वेळ मोबाइलवर बघतात. आईनं परवा मला एकटीला विचारलं, "तू तो कागद आणला नसतास तर?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, अक्काला ऐकावं लागलं असतं. ती म्हणाली, "हाव, ते खरंय." पण तिचं समाधान झाल्यासारखं दिसलं नाही, आणि माझंही झालेलं नाही. लातूरच्या लोकांसमोर जो माणूस एवढं नीट बोलला, तो घरात का बोलत नाही, हे मला कुणाला विचारता येत नाही.

घड्याळ परत त्याच खिळ्याला आहे. अप्पा त्याला हात लावत नाहीत. सकाळी त्यांची पूजा चालू असते तेव्हा आई पदराला हात पुसून ते खाली काढते, चावी देते आणि परत अडकवते. फेरे ती मोजते की नाही, मला दिसत नाही, तिची पाठ माझ्याकडं असते. पूजेवरून उठून अप्पा खिळ्यासमोरून जातात. घड्याळ बरोबर वेळ दाखवत असतं.